रत्नागिरीतील एका शिंप्याचे काम : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

गेल्या तीन वर्षांत मी रत्नागिरीच्या रामआळीमागील एका बोळात बसणाऱ्या शिंप्याकडून पाच सदरे, दोन पँटी आणि एक बंदगळ्याचा कोट शिवून घेतला. सदरे आठवड्याआड अंगावर असतात, पँटी त्याहून अधिक, आणि कोट आजवर चारदाच बाहेर निघाला आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण मास्तरांनीच तसे बजावले आहे. ‘नाव घालू नका. गणपतीच्या तोंडावर दारात रांग लागली, तर आहेत त्यांचीही कामे बिघडतील,’ हे त्यांचे शब्द. त्यांच्या इच्छेचा मान राखून त्यांच्या कामाविषयी मात्र सविस्तर लिहितो, म्हणजे चिपळूणला, मालवणला किंवा आणखी कुठे कोणी शिवायला टाकणार असेल, त्याला कपडा उलटा करून काय पाहावे ते कळेल.

त्यांच्याकडे मी वळलो तो एका महागड्या तयार सदऱ्यामुळे. पुण्यातील एका मोठ्या दुकानातून ४,२०० रुपयांना घेतलेला तो पांढरा सदरा पहिले सहा महिने खरोखर देखणा होता. नंतर जुलै आला. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील भर जुलैत धुतलेला कपडा पडवीत बांधलेल्या दोरीवर तीन-तीन दिवस दमट लोंबत राहतो. अशा चार-सहा धुण्यांनंतर त्या सदऱ्याच्या कॉलरवर पापडासारखे फोड आले. इस्त्री फिरवली की ते बसत, आणि दुपारी घामाने पुन्हा वर येत. तयार सदऱ्यांच्या कॉलरीत बकरम, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारे आतले कापड, बहुधा चिकटवलेले असते. त्याच्या एका अंगावर चिकट द्रव्याचे बारीक ठिपके असतात आणि तापलेल्या दाबयंत्राखाली ते वितळून कापडाला धरतात. पुढे धुण्यात कापड एका प्रमाणात आणि बकरम दुसऱ्या प्रमाणात आटले, की ती पकड जागोजागी सुटते. चिकटवलेली प्रत्येक कॉलर वाईटच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चांगल्या प्रतीचे बकरम नीट तापमानाला बसवले असेल, तर ते वर्षानुवर्षे टिकते आणि कॉलर कडक, सुरेख उभी राहते. परंतु ते एकदा सुटले, की दुरुस्तीची वाट उरत नाही. ४,२०० रुपयांचा सदरा घरात भांडी पुसायला गेला, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

मास्तरांचे दुकान दहा बाय बाराचे असेल. दोन मशीन, एक लांब फळी, भिंतीला खिळ्यावर अडकवलेल्या कागदी नमुन्यांच्या जुड्या, आणि मापांच्या वह्या. पहिल्या दिवशी माप घेण्यास पाऊण तास लागला. छाती, पोट, गळा, बाही ही नेहमीची मापे झाल्यावर त्यांनी मला पाठमोरे उभे केले, दोन्ही खांद्यांवर खडूने खुणा केल्या आणि म्हणाले, ‘उजवा खांदा उतरता आहे तुमचा. पिशवी ह्याच खांद्याला लावता ना?’ मी वीस वर्षे त्याच खांद्याला पिशवी लावत आलो आहे. घड्याळ कोणत्या हातात, चष्म्याची डबी खिशात ठेवता काय, स्कूटर चालवता काय, हेही त्यांनी विचारले. घड्याळाच्या हाताचा कफ त्यांनी पाव इंच सैल ठेवला, आणि पाठीवरचा जोडपट्टा, ज्याला सगळे शिंपी योक म्हणतात, तो अखंड न कापता मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत कापला. दोन तुकड्यांचा योक महागड्या सदऱ्यांवर आता शोभेसाठीही दिसतो. त्याचा खरा उपयोग असा, की प्रत्येक खांद्याचा उतार वेगळा कापता येतो. माझ्या जुन्या सदऱ्यांत उजव्या काखेखाली एक तिरपी चुणी कायम पडत असे. ती गेली.

मुंढ्यावरून, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या घेरावरून, आमचा वाद झाला. कोकणात उकाडा आहे, म्हणून मुंढा मोठा आणि खाली असावा, अशी माझी समजूत होती आणि बहुतेकांची तशीच असते. त्यांनी तो काखेच्या बराच जवळ, वर घेतला. प्रथम घालताना अडचण वाटली, पण फळीवरचा डबा काढायला हात वर केला तेव्हा फरक ध्यानात आला. मुंढा खाली असेल, तर बाही वर जाताना सदऱ्याची सगळी बाजू ओढून नेते आणि सदरा पँटीतून बाहेर येतो. मुंढा वर असला, की नुसती बाही हलते आणि बाकीचा सदरा जागच्या जागी राहतो. सैलपणा हवाच असेल, तर तो पाठीला दोन चुण्या देऊन घ्यावा, असे त्यांचे मत आहे, आणि तीन उन्हाळे काढल्यावर मी त्याला संमती देतो.

कापड मी स्वतः नेले होते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत घडीखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावातून कोकणात परतलेल्या असंख्य चाकरमान्यांप्रमाणे तेही गावी आले. त्यामुळे कापड हातात घेतले, की प्रथम त्याचा कोपरा दोन बोटांत चोळून पाहण्याची सवय मला घरातूनच लागली आहे. हलक्या कापडाला खळीने वजन आणलेले असते. चोळले की पांढरी भुकटी बोटाला लागते, आणि दोन धुण्यांत ते कापड मच्छरदाणीसारखे विरळ होते. वडील ताग्याचा काठ उजेडात धरून ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का शोधत. कापड शिवण्यापूर्वीच यंत्राने आटवून घेण्याची ही रीत अमेरिकेतील सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास काढली, आणि पुढे गिरणीच्या कापडावर तो शिक्का म्हणजे ‘धुतल्यावर अंगाला तंग होणार नाही’ अशी हमी समजली जाई. मास्तर त्या हमीवर विसंबत नाहीत. माझे कापड त्यांनी रात्रभर बादलीत भिजवले, सावलीत वाळवले आणि मगच कात्री लावली. साडेपाच मीटर सुती कापडातून सुमारे सहा सेंटीमीटर गेले, हे त्यांनी मला टेप लावून दाखवले. शिवल्यानंतर हा आटाव कॉलरीला आणि बाहीला आला असता.

दुकानदार ‘काउंट’ सांगतो, त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तेथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात तो त्या सुताचा काउंट. म्हणजे आकडा वाढेल तसे सूत बारीक. शंभरचे सूत दोनपदरी पिळून विणलेले कापड मऊ, तकतकीत आणि तरीही मजबूत असते, परंतु त्यासाठी कापसाचा तंतूच लांब लागतो. आखूड तंतूचे टोक सुतातून बाहेर राहते, घासते आणि त्याच्या गोळ्या होतात. आपल्या देशात असा लांब तंतूचा कापूस ‘सुविन’ नावाने होतो. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून कोइमतूरला तो तयार झाला आणि १९७४ मध्ये लागवडीस आला. मी एक सदरा शंभर काउंटच्या दोनपदरी कापडाचा केला आणि बाकीचे साठ ते ऐंशीच्या दरम्यानचे. प्रामाणिकपणे सांगायचे, तर शंभराचा सदरा सुंदर आहे, पण स्कूटरवरून जाणाऱ्या, बागेत कलमांच्या खाली वाकणाऱ्या माणसाच्या तो कामाचा नाही. ऐंशीचा सदरा त्याच्याइतकाच थंड वाटतो आणि काट्याला लागला तर लगेच ओढला जात नाही. सव्वाशे-दीडशेचे आकडे सांगून कोणी भाव वाढवू लागला, तर रोजच्या वापरासाठी त्या नादी लागू नये.

आता सदरा उलटा करून पाहू. हे लिहिताना माझ्यासमोर निळ्या बारीक रेघांचा सदरा फळीवर उलटा पसरलेला आहे. बाजूच्या शिवणीवर फूटपट्टी धरून मी टाके मोजले, तर इंचाला अठरा भरले. त्या पुण्याच्या सदऱ्याला अकरा होते. टाके बारीक, तितका शिंप्याचा वेळ जास्त जातो आणि दोरा जास्त लागतो, म्हणूनच घाऊक कामात ते मोठे ठेवतात. बाजूच्या आणि बाहीच्या शिवणींत कापडाची कापलेली कड कुठेही दिसत नाही. ती आत दुमडून वरून एका सुईने पुन्हा टीप मारली आहे, त्यामुळे ओव्हरलॉकच्या दोऱ्यांची जी खरखर घामट अंगाला टोचते, ती येथे नाही. खिशाच्या रेघा छातीच्या रेघांशी इतक्या मिळाल्या आहेत, की लांबून खिसा आहे हेच कळत नाही. योकाच्या जोडावर मात्र एक रेघ दोन धाग्यांनी चुकली आहे. मी ती मास्तरांना दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि ‘चुकलीच’ एवढेच म्हणाले.

कॉलरीत बकरम आहे, पण ते चिकटवलेले नाही. सुती बकरम स्वतंत्र कापून, तेही आधी भिजवून, दोन कापडांच्या मध्ये नुसत्या टिपेने धरले आहे. अशी कॉलर दाबयंत्राच्या कॉलरीइतकी गुळगुळीत दिसत नाही. इस्त्री करताना ती टोकांकडून मध्याकडे दाबावी लागते, नाहीतर कडेला सुरकुती पडते, आणि इस्त्रीवाल्याला हे समजावण्यात माझे एक वर्ष गेले. पण पहिला सदरा आता तिसऱ्या पावसाळ्यातून गेला आहे आणि कॉलरवर एकही फोड नाही.

बटणांच्या बाबतीत मी हौस केली. शिंपल्याची बटणे रत्नागिरीत मिळेनात, म्हणून मुंबईला भुलेश्वरहून आणली. समुद्रकाठच्या माणसाने शिंपल्यांसाठी मुंबई गाठावी, यावर घरी बरेच हसे झाले. शिंपल्याचे बटण ओठाला लावले, की काचेसारखे गार लागते आणि प्लॅस्टिकचे लागत नाही, ही त्याची सोपी परीक्षा. दिसायला ते अप्रतिम आहे, पण मशीनमध्ये धुतले तर कपचा उडतो, आणि माझ्या एका सदऱ्याची दोन बटणे अशीच गेली. जे खरोखर उपयोगी ठरले ते बटण लावण्याची पद्धत. मास्तर बटण कापडाला घट्ट चिकटवून लावत नाहीत. खाली दोऱ्याची छोटी मान ठेवतात, तिला सात-आठ वेढे देतात आणि मग गाठ आत घेतात. त्यामुळे काजावर ताण येत नाही आणि तीन वर्षांत आपोआप तुटून पडलेले बटण एकही नाही. हे काम साध्या बटणांवरही होते, त्यामुळे शिंपल्याची हौस नसली तरी ते मागून घ्यावे.

पाच सदऱ्यांतला एक लिननचा आहे. लिनन ज्या झाडाच्या खोडापासून निघते ते म्हणजे आपले जवस. आपल्याकडे त्याची चटणी आणि तेल होते, आणि धाग्यासाठी त्याची मोठी लागवड फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर असते. दमट हवेसाठी याहून चांगले कापड मी घातलेले नाही. ते घाम चटकन टिपते, चटकन सोडते, अंगाला चिकटत नाही आणि ओले झाल्यावर कमजोर न होता उलट अधिक बळकट होते. त्याला सुरकुत्या पडतात, आणि त्यावर उपाय नाही. एका लग्नात माझ्या मामींनी ‘भाच्या, इस्त्रीला दिला नव्हतास काय रे?’ असे चारचौघांत विचारले. ज्याला हे ऐकून घ्यायचे नसेल, त्याने लिनन घेऊ नये. सुरकुती पडणार नाही असे सांगून जे विकले जाते, त्यात बहुधा दुसरा धागा मिसळलेला असतो किंवा वर प्रक्रिया केलेली असते, आणि मग अंगाला ते लिननसारखे वाटत नाही.

पँटींविषयी थोडक्यात. चेन पितळेची, हूक न गंजणारा, खिशाचे अस्तर घट्ट विणीचे सुती. खारे वारे लागणाऱ्या गावात या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पँट घेऊ नये, कारण लोखंडी हुकाचा तांबडा डाग कापडातून जात नाही. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती मागच्या शिवणीत दिलेली माया, म्हणजे आत राखलेले जादा कापड. तयार पँट उलटी करून पाहा, मधल्या शिवणीत जेमतेम अर्धा इंच कापड सापडेल. येथे दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आहे, आणि खाली पायाशी दोन इंच. गेल्या वर्षी गुडघा दुखावल्यामुळे मी चार महिने घरी बसलो आणि कंबर दोन इंचांनी वाढली. मास्तरांनी शिवण उसवली, माया सोडली आणि शंभर रुपयांत तीच पँट परत दिली. उसवलेल्या जुन्या शिवणीची पुसट रेघ जवळून पाहिली तर दिसते. सदरा वरून आला, की दिसत नाही.

कोटाच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही, आणि त्यात अर्धा दोष माझा आहे. पुतण्याच्या लग्नासाठी बंदगळा हवा होता. मास्तर म्हणाले, ‘कोट मी करतो, पण छातीला कॅनव्हास हाताने टाचण्याचे काम आता माझ्याच्याने होत नाही. चिकटवूनच देईन. मुंबईला करा.’ मी ऐकले नाही. चांगल्या कोटाच्या छातीत लोकर आणि घोड्याच्या केसांचा कॅनव्हास शेकडो सैल टाक्यांनी धरलेला असतो. तो कापडाबरोबर हलतो आणि हळूहळू घालणाऱ्याच्या अंगाचा आकार घेतो. चिकटवलेला कोट पहिल्या दिवशी तितकाच छान दिसतो. माझा दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर डाव्या छातीवर किंचित फुगला, म्हणजे ज्या कारणासाठी मी तयार सदऱ्याला नावे ठेवली, तेच मी जाणूनबुजून पदरात घेतले.

दुसरी चूक कापडाची. ‘सुपर १२०’ हा आकडा ऐकून मी भुललो. हा आकडा लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो. १०० म्हणजे तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत आणि १२० म्हणजे १७.७५ पर्यंत. तंतू बारीक तसे कापड तलम, पण तितकेच नाजूक, आणि दमट हवेत ते मांडीवर-कोपरावर लवकर चुरगळते. मे महिन्यातल्या कोकणातल्या लग्नाला जास्त पीळ दिलेल्या सुताचे, उजेडात धरले तर आरपार दिसेल असे मोकळ्या विणीचे लोकरी कापड किंवा सरळ जाड लिनन घ्यायला हवे होते. शिवाय हा ‘सुपर’ शब्द आंतरराष्ट्रीय संकेताने लोकरीसाठीच राखलेला आहे, तरी पॉलिएस्टर-व्हिस्कोसच्या काठावरही तो छापलेला मी बाजारात पाहिला आहे. काठावर काय छापले आहे त्यापेक्षा एक धागा ओढून जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास देते आणि तिची राख चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

वेळेच्या बाबतीत या दुकानाला फारसे गुण देता येत नाहीत. सदऱ्याला तीन आठवडे सांगतात आणि पाच लागतात. गणपतीच्या आधीच्या दीड महिन्यात तर काही टाकूच नये. एकदा मी जूनमध्ये दिलेले कापड अनंत चतुर्दशी उलटल्यावर हाती आले, आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. कच्च्या शिलाईवर एकदा अंगावर घालून पाहण्यासाठी यावे लागते, ती फेरी वेगळी. शिलाई सदऱ्याला ७०० आणि पँटीला ९०० रुपये. गावात इतरत्र याच्या निम्म्यात काम होते. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे कापड माझ्या अंगाला पूर्ण बाहीसाठी पावणेदोन मीटर लागते. सुती कापड ९०० रुपये मीटरचे धरले, तर सदरा सुमारे २,३०० रुपयांना पडतो. हे स्वस्त नाही. परंतु पुण्याच्या त्या सदऱ्याने मला एक वर्ष दिले, आणि येथला पहिला सदरा चौथ्या वर्षात आहे.

निगा मात्र घ्यावी लागते आणि ती मी चुकून शिकलो. पहिल्या वर्षी सदऱ्यांना तांदळाच्या पेजेची खळ देऊन ते तसेच पावसाळ्यात कपाटात ठेवले. ऑगस्टमध्ये एकाच्या पाठीवर बुरशीचे काळे ठिपके आणि दुसऱ्याच्या कफाला कसरीने पाडलेले भोक. खळ हे दोघांचेही अन्न आहे. आता मृगाच्या आधी सगळे कपडे खळ न देता धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेवतो, कपाटाला भिंतीपासून चार बोटे अंतर दिले आहे, आणि पावसाने उघडीप दिली की दारे सताड उघडतो. भोक पडलेला कफ मास्तरांनी शिवणीतल्या मायेचा तुकडा काढून रफू केला. त्याच कापडाचा, तितकाच धुतलेला तुकडा असल्यामुळे रंगात फरक नाही.

गेल्या आठवड्यात पहिल्या सदऱ्याची कॉलर मानेपाशी विरली. तो घेऊन गेलो, तर त्यांनी मशीनवरून नजर न काढता ‘उलटवू या’ म्हटले. कॉलर पट्टीपासून उसवायची, फिरवून विरलेली बाजू खाली घालायची आणि पुन्हा शिवायची. वडिलांचे सदरे असेच उलटवून आणलेले मला आठवतात. आत चिकटवलेले काही नसल्याने ती सहज सुटली. खालची बाजू तीन वर्षे उजेड न पाहिल्यामुळे निळी रेघ तेथे अजून गडद आहे, आणि बाकीच्या सदऱ्यापुढे कॉलर नवी कोरी दिसते. ऐंशी रुपये घेतले. देताना दिवस मात्र चार सांगितले होते आणि अकरा लागले.